रुग्ण आणि त्याचे कुटुंब : परिचर्येची तत्त्वे व आपली जबाबदारी

रुग्णसेवेच्या क्षेत्रात 'रुग्ण-कुटुंबकेंद्रित परिचर्या' ही संज्ञा आता रूढ झाली आहे. परिचर्या महाविद्यालयांत ती शिकविली जाते आणि मोठ्या रुग्णालयांच्या भिंतींवर तिच्या आशयाच्या पाट्याही लावलेल्या दिसतात. संज्ञेचा अर्थ थोडक्यात असा : उपचारांची योजना आखताना, ते देताना आणि त्यांचा परिणाम पाहताना रुग्ण व त्याचे कुटुंब यांना डॉक्टर आणि परिचारिका यांचे सहभागीदार मानावे. येथे कुटुंब म्हणजे कोण, हे रुग्णाने ठरवायचे असते. कोणासाठी ती सून असेल, कोणासाठी वीस वर्षांची शेजारीण, आणि वृद्ध धर्मगुरूसाठी कदाचित त्याचा स्वयंपाकी.

आमच्या वाचकांत परिचारिका आहेत, रुग्णालयांत राबणाऱ्या धर्मभगिनी आहेत, आणि कधी ना कधी रुग्णशय्येजवळ रात्र काढलेली माणसे तर घरोघरी आहेत. म्हणून या तत्त्वांची ओळख करून द्यावी, ती आपल्या मातीत कशी रुजली आहेत ते सांगावे आणि जेथे ती अर्धवट राहिली आहेत तेथे बोट ठेवावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खाटेजवळ, पण निर्णयापासून दूर

पाश्चात्त्य देशांत या विचाराचा उगम झाला तो कुटुंबाला रुग्णालयाबाहेर ठेवले जात असे म्हणून. आपली स्थिती निराळी आहे. आपल्याकडे कुटुंब रुग्णालयात असतेच. प्रश्न आहे तो ते तेथे कोणत्या नात्याने असते, हा.

उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्याचे कासुर्डी हे गाव घेऊ. पुणे-सोलापूर रस्त्याच्या टापूत, यवतच्या शेजारी वसलेले हे शेतकऱ्यांचे गाव पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. समजा, तेथील एक सत्तरीच्या आजी अंगणात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. प्रथम यवतचे ग्रामीण रुग्णालय, तेथून पुढे हडपसर किंवा पुणे, आणि खर्च झेपत नसेल तर ससून सर्वोपचार रुग्णालय, हा त्यांचा मार्ग जवळजवळ ठरलेला आहे. मुलगा शेतातले पाणी शेजाऱ्यावर सोपवून येतो, सून पिशवीत चादर, तांब्या आणि दोन लुगडी भरून येते. पुढचे आठ-दहा दिवस ती सून वॉर्डात खाटेखाली झोपते. आजींना भरविणे, बेडपॅन देणे, कूस बदलणे, केसपेपर घेऊन रक्ताच्या तपासणीच्या खिडकीपाशी उभे राहणे, सलाईन संपत आले की सिस्टरना हाक मारणे, हे सारे ती करते. परंतु आजींना दिलेले औषध कशाचे आहे, कूस किती वेळाने बदलायची, कोणते लक्षण दिसले तर घाबरायचे आणि कोणत्या लक्षणाने घाबरायचे कारण नाही, हे तिला कोणी सांगत नाही. राऊंडच्या वेळी तिला 'नातेवाईक बाहेर' असा पुकारा ऐकू येतो. मग एके दिवशी इंग्रजीत लिहिलेला डिस्चार्जचा कागद तिच्या हाती येतो.

आमच्या मते आपल्या रुग्णालयांतील मूळ दुखणे हेच आहे. आप्त कामाला हवे असतात, माहितीच्या वेळी नको असतात. अशा व्यवस्थेला कुटुंबकेंद्रित म्हणणे ही शब्दांची फसवणूक होईल. ती केवळ मनुष्यबळाची उणीव नातेवाइकांच्या श्रमाने भरून काढणे होय. याचा दोष परिचारिकांवर ढकलणे मात्र अन्यायाचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावयास हवी. आपल्या सार्वजनिक रुग्णालयात रात्रपाळीला उभे राहून ज्याने खाटा मोजल्या असतील त्याला हा निकष आणि वस्तुस्थिती यांतील अंतर सांगावे लागत नाही.

चार तत्त्वे

अमेरिकेत १९९२ मध्ये या विषयाला वाहिलेली एक संस्था स्थापन झाली. तिने मांडलेली चार सूत्रे आज जगभर आधारभूत मानली जातात : सन्मान, माहितीची देवाणघेवाण, सहभाग आणि सहकार्य.

सन्मान म्हणजे रुग्णाची मते, श्रद्धा, चालीरीती यांची दखल घेणे. त्याची सुरुवात संबोधनापासून होते. 'बारा नंबर' म्हणण्याऐवजी 'आजी' किंवा 'काका' म्हणण्यास एक क्षणही अधिक लागत नाही. तपासताना पडदा ओढून घेणे, गळ्यातील जपमाळ किंवा मंगळसूत्र काढावयाचे असेल तर त्याचे कारण सांगून ते आप्तांच्या हाती देणे, उपवासाच्या दिवशी जेवणाबद्दल विचारणे, या गोष्टी लहान असल्या तरी त्यांवरून रुग्णाला आपण माणूस म्हणून येथे आहोत की वस्तू म्हणून, हे कळते.

माहितीचे सूत्र सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. माहिती 'दिली' म्हणजे ती पोहोचली असे होत नाही. यासाठी परिचर्येत एक साधी रीत शिकविली जाते : सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याला ते आपल्या शब्दांत परत सांगावयास लावणे. 'समजले ना?' असे विचारले की आपला माणूस भिडेने मान डोलावतो. त्याऐवजी 'बाई, घरी गेल्यावर इंजेक्शन कसे द्याल ते मला एकदा दाखवा बरे,' असे म्हटले की काय कळले आणि काय राहिले ते तत्काळ उघड होते. इन्सुलिनची सुई, जखमेची पट्टी, नळीने अन्न देणे, दम्याचा पंप अशा प्रत्येक गोष्टीत हा नियम लागू आहे. कासुर्डीच्या त्या आजींच्या बाबतीत सुनेला एवढे कळले पाहिजे की अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, माकडहाड आणि टाचा येथील कातडी रोज पाहावी लागते, तेथे लाली दिसली आणि दाबूनही ती जात नसेल तर ती शय्याव्रणाची पहिली खूण असते. तसेच एका पायाच्या पोटरीला अचानक सूज आली किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. दहा मिनिटांत मराठीत सांगता येण्याजोगी ही माहिती आहे. ती न मिळाल्याने रुग्ण महिनाभरात जखमा घेऊन परत येतो, आणि मग 'घरच्यांनी नीट पाहिले नाही' असा ठपका त्याच सुनेवर येतो.

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपले प्रसिद्ध टिपणवजा पुस्तक १८५९ मध्ये लिहिले. त्यात रुग्णाच्या दाराबाहेर त्याच्याविषयी कुजबुजत बोलण्याचा आणि त्याला पोकळ धीर देत बसणाऱ्या पाहुण्यांचा त्यांनी कडक समाचार घेतला आहे. दाराबाहेरची ती कुजबुज आपल्याकडे आजही तशीच चालू आहे, आणि ती करणाऱ्यांत आप्त व डॉक्टर दोघेही असतात.

सहभागाचे सूत्र असे की, रुग्ण आणि आप्त यांना जेवढा भाग घ्यावासा वाटतो तेवढा त्यांना घेऊ द्यावा. 'वाटतो तेवढा' यात सक्तीला जागा नाही. ज्या मुलाला बापाची जखम पाहून भोवळ येते त्याच्या हाती ड्रेसिंगचे सामान देणे हा सहभाग नव्हे. उलट ज्या आईला आपल्या बाळाला स्वतः पुसावयाचे आहे तिला काचेबाहेर उभे करणेही योग्य नव्हे. रुग्णाची प्रकृती ढासळत आहे हे पुष्कळदा प्रथम आप्तांना कळते, कारण त्याचा नेहमीचा चेहरा त्यांना ठाऊक असतो. इंग्लंडमध्ये २०२१ साली एका तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आईवडिलांनी वारंवार व्यक्त केलेल्या काळजीकडे दुर्लक्ष झाले आणि ती दगावली. त्यानंतर तेथे २०२४ पासून तिच्या नावाने एक नियम रुग्णालयांत लागू होऊ लागला आहे. त्यानुसार आप्तांना दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते. आपल्याकडे असा नियम नाही. तरीही 'आज यांचे काही तरी निराळे दिसते' असे आप्ताने म्हटले की नाडी, रक्तदाब व श्वास पुन्हा मोजावेत, एवढे तर कोणत्याही सिस्टरला नियमावाचून करता येईल.

चौथे सूत्र सहकार्याचे. रुग्णालयाची धोरणे, भेटीच्या वेळा, परिचारिकांचे प्रशिक्षण ठरविताना रुग्ण व आप्तांचा सल्ला घ्यावा, असे ते सांगते. आपल्याकडे सार्वजनिक रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठकीत रुग्णाचे म्हणणे किती वेळा ऐकले जाते, हा प्रश्न त्या त्या गावातील सदस्यांनीच स्वतःला विचारावा.

प्लेगच्या वर्षाचा धडा

कुटुंबाला वगळून केलेली रुग्णसेवा कोठे जाते, हे याच परिसराने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगची साथ भडकली. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे प्लेग निवारणाची सूत्रे आली आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोग्याला रुग्णालयात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेले जाई. रोग संसर्गजन्य होता, रोग्यास वेगळे करण्यामागे वैद्यकीय कारण होते, हे मान्य करावयास हवे. परंतु कोणाला कोठे नेले, तो जिवंत आहे की नाही, त्याच्या अंगाला कोणी हात लावला, हे आप्तांना कळेना. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले, आणि ज्या साथीला आळा घालावयाचा तिलाच आडोसा मिळाला. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात पत्र लिहून प्लेग रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीला वाचा फोडली, हे मात्र तितके परिचित नाही. दुष्काळातून वाचविलेल्या मुलींना पुणे शहरात ठेवण्यास प्लेगच्या निर्बंधांमुळे अडचण आली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर नेले. तेथेच पुढे मुक्ती मिशन उभे राहिले. केडगाव हे कासुर्डीच्याच तालुक्यात, दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. म्हणजे रुग्णाच्या सन्मानाचा प्रश्न या टापूला परका नाही.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसर परिसरातील दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच साथीत, एकाच शहराभोवती रुग्णाला हात लावण्याच्या या दोन तऱ्हा होत्या.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा कोविडसाठी पुन्हा लागू झाला. आप्तांना दाराबाहेर थांबावे लागले. अनेकांना शेवटचे दर्शनही घडले नाही. तथापि या वेळी एक फरक झाला. रुग्णांना वॉर्डात मोबाईल फोन वापरू द्यावा, म्हणजे घरच्यांशी बोलता येईल, अशा सूचना केंद्रीय आरोग्य खात्याने त्या वर्षी जुलैअखेर राज्यांना दिल्या. कित्येक परिचारिकांनी सूचनेची वाट न पाहता आपला फोन रुग्णाच्या कानाशी धरला होता.

आपल्याकडे काय घडले आहे

कुटुंबाला आत घेतले म्हणजे शिस्त बिघडते, जंतुसंसर्ग वाढतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर देणारे प्रयोग आपल्याच देशात आणि आपल्याच राज्यात झाले आहेत.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. आदिवासी बांधव रुग्णालयात का येत नाहीत, असे त्यांनी लोकांनाच विचारले. उत्तरे अनपेक्षित होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे प्रेतावरच्या वस्त्राची आठवण देतात. आणि मुख्य म्हणजे सोबत आलेल्या माणसांना तेथे राहता येत नाही. मग शोधग्राम येथे जे रुग्णालय उभे राहिले ते आदिवासी पाड्यासारखे, झोपड्यांचे, ज्यात रुग्णाबरोबर त्याची माणसे राहू शकतात. त्याला नावही लोकांच्या देवतेचे, माँ दंतेश्वरीचे, देण्यात आले. एका ख्रिस्ती धर्मप्रांताच्या पानावर आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हा त्या पहिल्या सूत्राचाच भाग आहे. याच संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरगुती शुश्रूषा शिकविली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज आशा कार्यकर्त्या घरी येऊन बाळाचे वजन आणि ताप पाहतात, त्यामागे हे काम आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचेच आहे. वारजे येथे सिपला प्रतिष्ठानचे उपशामक शुश्रूषा केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करीत आहे. तेथे रुग्णासोबत घरचे एक माणूस राहते. वेदनाशामक औषध कधी द्यावे, जखम कशी धुवावी, तोंडाची स्वच्छता कशी ठेवावी हे ते माणूस परिचारिकांकडून शिकते आणि मग रुग्णाला घेऊन घरी जाते. त्याआधी, १९८६ मध्ये, मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन ही देशातील पहिली मरणासन्न-रुग्णसेवा संस्था सुरू केली. तेथील शुश्रूषेत धर्मभगिनींचा वाटा मोठा आहे.

नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आईबापांना मज्जाव ही गोष्ट तर आपल्याकडे वज्रलेप मानली जाई. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने आईवडिलांना हात धुण्यापासून सर्व शिकवून आत घेण्याची पद्धत बसविली. तिच्या आधारे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये कुटुंब-सहभागी शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील अभ्यासाने त्यापुढचे पाऊल दाखविले. कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या किंवा तिच्या वतीने दुसऱ्या माणसाच्या उघड्या छातीशी ठेवले तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. हे करण्यासाठी आईची खाट कक्षाच्या आतच आणावी लागली. इंग्लंडमध्ये याच दिशेने बदल घडण्यास १९५२ मधील एक चित्रफीत कारण झाली होती. रुग्णालयात एकटी ठेवलेली दोन वर्षांची मुलगी आठ दिवसांत कशी मिटत जाते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी तीत दाखविले. १९५९ मध्ये शासकीय समितीने आईवडिलांना केव्हाही भेटू द्यावे अशी शिफारस केली.

रुग्ण आधी, कुटुंब नंतर

येथवर आम्ही कुटुंबाची बाजू मांडली. परंतु कुटुंब नेहमीच रुग्णाच्या बाजूने असते असे मानणे भाबडेपणाचे होईल, आणि आमच्या वाचकांना कदाचित हाच भाग अधिक बोचेल.

'त्यांना सांगू नका हं, त्यांना झेपणार नाही.' आपल्या घरांत कर्करोगाचे निदान झाले की पहिले वाक्य हे असते. मुलगा डॉक्टरांना खूण करतो, सिस्टर नजर चुकविते, आणि ज्याला मरणाची तयारी करावयाची आहे तोच एकटा अज्ञानात ठेवला जातो. बहुधा त्याला कळलेले असतेच. तोही घरच्यांना दुःख नको म्हणून न कळल्याचे सोंग करतो. मग जमिनीची वाटणी, रुसलेल्या भावाशी समेट, पापनिवेदन हे सारे राहून जाते. ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. आरोग्यसेवकांसाठी व्हॅटिकनने काढलेली सनद, जिची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये प्रकाशित झाली, मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णाचा सत्य जाणण्याचा हक्क मान्य करते आणि ते सत्य विवेकाने व मायेने सांगावे असे सुचविते. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते आधी विचारावे. 'तुमच्या आजाराविषयी तुम्हांला काय वाटते? आणखी काही जाणून घ्यायचे आहे का?' असे परिचारिकेने शांतपणे विचारले की रुग्ण स्वतःच वाट दाखवितो. काही जण 'मुलाला सांगा, मला नको' असे म्हणतात. त्याचाही मान राखावा, कारण तो निर्णय रुग्णाचा आहे.

संमतीच्या बाबतीतही हाच न्याय लागतो. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय केवळ तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाच्या जागी नातेवाइकाची संमती चालत नाही आणि तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्याकडे फॉर्मवर सही करण्यासाठी नवऱ्याला शोधत फिरण्याची जी प्रथा आहे ती लक्षात घेता हा निकाल स्त्रियांनी, आणि त्यांच्या नवऱ्यांनीही, ध्यानात ठेवण्यासारखा आहे. घरातील मारहाणीने जखमी झालेल्या स्त्रीशी नवऱ्याला बाहेर पाठवूनच बोलावे, हेही या तत्त्वांशी सुसंगत आहे.

कायद्याने दिलेले आधार

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजाराची व खर्चाची माहिती, केसपेपर व अहवालांच्या प्रती, दुसऱ्या डॉक्टरांचे मत, खासगीपणा, पुरुष डॉक्टर स्त्रीरुग्णाला तपासत असताना दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती, आणि बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणे हे हक्क तीत आहेत. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणी नियमांत सुधारणा होऊन खासगी रुग्णालयांनी अशी सनद दर्शनी भागात लावावी असे बंधन आले. पाटी दिसली नाही तर नम्रपणे विचारावे. हुज्जत घालण्याची गरज नाही, आणि परिचारिकेवर आवाज चढविणे तर सर्वथा अनुचित होय. दर ठरविणारी किंवा खाटा वाढविणारी ती नसते.

शुभवर्तमानातील एक बारकावा

याईराच्या मुलीचा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. संत मार्कच्या पाचव्या अध्यायातील त्या कथेत आक्रोश करणाऱ्या जमावाला येशू घराबाहेर काढतो, परंतु मुलीच्या आईला आणि वडिलांना बरोबर घेऊन आत जातो. मुलगी उठल्यावर तिला खावयास द्या, असेही तो सांगतो. ते सांगणे घरच्यांसाठी आहे. गर्दी निराळी आणि कुटुंब निराळे, हा भेद त्याने क्षणात केला. भेटीच्या वेळा ठरविताना आपल्या रुग्णालयांना आणि भेटीला जाताना आपल्यालाही तोच करावा लागतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून पंचवीस माणसे भेटीस जाणे हे प्रेमाचे लक्षण असेलही, पण शेजारच्या खाटेवरील रुग्णाला त्याचा त्रास होतो. परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिलस यांनी आपल्या सोबत्यांना रोग्याची सेवा आईने आपल्या एकुलत्या आजारी लेकराची करावी तशी करण्यास सांगितले होते. ते स्वतः रुग्ण म्हणूनच रोमच्या रुग्णालयात आले होते, हे विसरता येत नाही.

धर्मग्रामाकडून अपेक्षा

दौंड-यवत पट्ट्यासारख्या ठिकाणी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली असतात आणि रुग्ण पुण्यात दाखल झाला की त्यांचा धर्मग्रामाशी संबंध तुटतो. अशा वेळी उपदेशापेक्षा हातभार अधिक उपयोगी पडतो. वॉर्डात चार रात्री जागलेल्या सुनेला एक रात्र सोडवून तिला झोपू देणे, शाळकरी मुलांना जेवू घालणे, डिस्चार्जचा कागद घेऊन गावातील एखाद्या निवृत्त परिचारिकेने घरी जाणे आणि प्रत्येक गोळीसमोर सकाळ, दुपार, रात्र असे मराठीत लिहून देणे, ही कामे कोणत्याही महिला मंडळाला किंवा युवक संघाला करता येतील. आपल्या धर्मग्रामांत अशा निवृत्त सिस्टर किती आहेत याची यादी करून पाहावी. संख्या पाहून आश्चर्य वाटेल.

घरी शुश्रूषा करणाऱ्याकडेही पाहावे. पक्षाघात झालेल्या सासऱ्यांचे वर्षानुवर्षे करणारी स्त्री मिस्सेला येईनाशी होते आणि तिची अनुपस्थिती कोणाच्या ध्यानातही येत नाही. ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्याकडे जाणाऱ्याने तिचीही विचारपूस करावी, तिला रात्री झोप मिळते का, तिच्या पाठीचे दुखणे कसे आहे, हे विचारावे.

रुग्णाभ्यंगाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, विशेषतः पोप सहावे पॉल यांच्या १९७२ च्या संहितेनंतर, हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी राहिलेला नाही. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया किंवा वार्धक्याने आलेली दुर्बलता असेल तर तो घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो. तरी आजही धर्मगुरू दाराशी आले की 'आता सगळे संपले' असे समजून घरचे त्यांना बोलावण्याचे लांबणीवर टाकतात. रुग्ण शुद्धीवर असताना, आप्त भोवती असताना आणि सर्वांना मिळून प्रार्थना करता येत असतानाच बोलवावे. फोन करताना रुग्णालयाचे नाव, मजला, वॉर्ड व खाटेचा क्रमांक, रुग्णाला तोंडाने घेता येते किंवा नाही आणि भेटीची वेळ कोणती, एवढे सांगावे. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरना आधी कल्पना दिलेली असेल तर त्या पडदा ओढून जागा करून देतात, असाच आमचा सर्वत्र अनुभव आहे.